चूकवहीतलं माझं पान

अक्का,

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. वॉर्डातल्या मुलींनी तुमचा फोटो सिस्टररूममध्ये लावला आहे, निवृत्तीच्या दिवशीचा. त्यात तुम्ही चक्क हसताय, त्यामुळे नवीन मुलींचा तुमच्याबद्दल मोठा गैरसमज होणार आहे.

शोकसभाही झाली. ट्रस्टचे साहेब बोलले, दोन डॉक्टर बोलले, सगळ्यांनी तुम्हाला मायाळू म्हटलं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी घसा बसल्याचं कारण दिलं. घसा ठणठणीत होता. पण तुम्ही मायाळू नव्हतात, अक्का. तुम्ही चिकट होतात. एखादी गोष्ट धरलीत की समोरचा माणूस थकेपर्यंत सोडायची नाही, हा तुमचा स्वभाव, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास मला झाला आहे. हे शोकसभेत कसं सांगणार?

आपलं एक भांडण चार वर्षं चाललं आणि तुम्ही ते अर्धवट टाकून गेलात. माझ्यामुळे एका पेशंटला दुसऱ्याचं इन्सुलिन दिलं गेलं. तो वाचला, पण पहिल्यासारखा राहिला नाही. त्याच्या घरी जाऊन हे सांगा, एवढंच तुमचं म्हणणं होतं. मी सांगितलं नाही. तुम्ही विचारत राहिलात, मी कारणं देत राहिले. आता विचारणारं कुणी नाही, म्हणून आज सगळं सरळ लिहून काढते.

सुरुवात चूकवहीपासूनच करायला हवी, कारण तुमचं-माझं जमलं ते तिच्यामुळे. नऊ वर्षांपूर्वी मी पुण्याहून इथे आले. एमडी झालेली, इंग्रजी नियतकालिकं वाचणारी, आणि सोलापुरात आल्याबद्दल सोलापूरनं माझे आभार मानावेत असं थोडंसं मनात असलेली. पहिल्याच आठवड्यात मी एका केसपेपरवर औषध लिहिलं आणि तुम्ही तो तसाच परत आणून माझ्यापुढे ठेवलात. "मॅडम, हे तुम्हाला तरी वाचता येतं का बघा की." मी वाचलं. दोन ओळींपैकी एक मलाही लागली नाही. वॉर्डात तुम्ही मला नेहमी 'मॅडम' म्हणायचात. 'डॉक्टर' म्हणालात की समजायचं, आज आपलं काही खरं नाही.

त्याच महिन्यात एका नव्या सिस्टरनं पाळी बदलताना एका म्हातारीला रक्तदाबाची गोळी दोनदा दिली. म्हातारीला काही झालं नाही, पण पोरगी लिननच्या खोलीत चादरींवर डोकं ठेवून रडत होती. तिला काढून टाकायचं चाललं होतं. तुम्ही साहेबांना म्हणालात, "हिला काढलं तर उद्यापासून चूक होणार नाही असं नाही. उद्यापासून चूक कळणार नाही." दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळकरी पोरांची असते तसली शंभर पानी वही आणलीत आणि वर लिहिलंत, चूकवही. नियम तीनच. काय झालं ते लिहायचं. ते कशानं टळलं असतं ते लिहायचं. नाव कुणाचंही लिहायचं नाही. शनिवारी दुपारी लिननच्या खोलीत चहा, आणि आठवड्याभराची पानं मोठ्यानं वाचायची.

पहिले तीन शनिवार वही कोरी. सगळ्या मुली चहा पिऊन गेल्या. चौथ्या शनिवारी तुम्ही स्वतः उभं राहून वाचलंत, की बावीस वर्षांच्या नोकरीत मी एकदा सलाईनमध्ये भलतीच बाटली लावली होती, पेशंटच्या मुलानं बघून विचारलं म्हणून वाचले, आणि हे मी आजवर घरीसुद्धा बोललेले नाही. खोलीत कुणी चहाचा कप खाली ठेवला नाही की उचलला नाही. पुढच्या शनिवारी सहा पानं भरलेली होती.

मी त्या वहीतून अभ्यास उभा केला. कुठल्या पाळीला काय चुकतं, कुठे गोंधळ होतो, काय बदललं की कमी होतं. तक्ते केले, त्यावर लेख लिहिला, परिषदेत जाऊन वाचला. लेखावर तुमचं नाव माझ्या बरोबरीनं घातलं होतं. तुम्ही तो हातात घेतलात, पानं उलटलीत आणि म्हणालात, "लई छान. ह्यात चहा कुठाय?" मी चिडले होते. पुढे मोहोळच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर ही पद्धत शिकायला आल्या, त्यांनी लेख वाचून वही सुरू केली होती आणि ती कोरीच राहत होती. तुम्ही त्यांना विचारलंत, चहा कोण करतं? म्हणाल्या, कुणीच नाही, वही टेबलावर ठेवलेली असते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. 

आता त्या सकाळकडे येते.

मी दोन दिवसांच्या रजेनंतर कामावर आले होते आणि पुरुषांच्या वॉर्डात निम्मे चेहरे नवीन होते. पंख्याखालच्या कॉटवर मैंदर्गीचे एक निवृत्त मास्तर होते, साखरेचे जुने पेशंट. खिडकीजवळच्या कॉटवर मोहोळच्या आतल्या एका गावचे बिराप्पा, मेंढरं राखणारे, तापानं फणफणलेले. पहाटे दोघांनी कॉटची अदलाबदल केली, कुणाला वारा सोसेना की कुणाला उकडत होतं, आता नीट आठवत नाही...

नाही, नीट आठवतं. तुम्ही असतात तर 'वहीत असं अंदाजपंचे चालत नाही' म्हणाला असतात. मास्तरांना उकडत होतं म्हणून त्यांनीच खिडकीजवळची कॉट मागून घेतली असं मी बराच काळ सांगत आले, कारण तसं म्हटलं की दोष त्यांच्याकडे जातो. खरं असं होतं, की बिराप्पा खिडकीजवळ, मास्तर पंख्याखाली. बिराप्पांना खिडकीतून थंडी वाजत होती आणि उघड्यावर झोपायची सवय असलेल्या त्या माणसाला हे सांगायची लाज वाटत होती. मास्तरांनीच ओळखलं आणि आपली पांघरूण-पिशवी उचलून जागा दिली, पंखाही बंद करायला लावला. आपल्याकडे पेशंट एकमेकांना बसमध्ये जागा द्यावी तशी कॉट देतात. केसपेपर मात्र कॉटच्या पायाशी लटकत होते, ते जिथल्या तिथे राहिले.

मी पंख्याखालच्या कॉटशी गेले. केसपेपर वाचला, साखर बरीच वाढलेली, इन्सुलिन लिहिलं. पेशंट डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलेला. शेजारी त्याची बायको, कोंडाबाई, पदर डोक्यावर ओढून बसलेली. मी केसपेपरवरचं मास्तरांचं नाव मोठ्यानं वाचलं आणि तिला विचारलं, "हेच ना?" तिनं मान खाली घातली. मी ते 'हो' समजले.

नवीन सिस्टर सिरिंज भरून उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, नाव परत एकदा विचारू का?" आणि मी म्हणाले, "दे गं. मी विचारलंय."

हे वाक्य मी वहीत कधीच लिहिलं नाही.

त्यानंतर दोनेक तासांनी तुम्ही वॉर्डात फिरत होतात. खिडकीजवळ मास्तर बसून उपमा खात होते. तुम्ही म्हणालात, खाण्याआधी सुई घेतली ना? मास्तर म्हणाले, "आज सुईच दिली न्हाई की मला कुणी." तुम्ही तिथून पंख्याखालच्या कॉटकडे अक्षरशः धावलात. बिराप्पांच्या पोटात आदल्या दिवसापासून अन्नाचा कण नव्हता. अंगावर घाम, दात आवळलेले, हातपाय झटकत होते. कोंडाबाई त्यांचा घाम पुसत होती. ताप उतरतोय असं तिला वाटत होतं.

पुढे ग्लुकोज, आयसीयू, बरेच दिवस. ते शुद्धीवर आले, चालायला लागले, घरी गेले. घरच्यांना मी सांगितलं, साखर अचानक कमी झाली होती. हे खोटं नव्हतं. साहेब म्हणाले, एवढंच पुरे, बाकीचं कशाला उकरून काढायचं. मला ते सोयीचं होतं. मला नातेवाइकांची भीती वाटत होती. काचा फुटलेल्या, डॉक्टरांची डोकी फुटलेली सगळ्यांनीच पाहिली होती. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. आणि हेही लिहिते, की मला लाज वाटत होती. परिषदांमध्ये पेशंटच्या सुरक्षिततेवर बोलणारी बाई मी.

तुम्ही त्याच संध्याकाळी म्हणालात, "डॉक्टर, सांगायला जाऊ. मार खायचा तर दोघी खाऊ."

मी म्हणाले, बघू.

तोवर आपल्याकडे पेशंटच्या हाताला पट्टी बांधायची पद्धत नव्हती. मी मागणीचा अर्ज लिहिला, तो वर गेला आणि वरच राहिला. तुम्ही पूर्व भागात माग चालवणाऱ्या तुमच्या भावाला सांगून मागावरच्या चादरींच्या काठाच्या चिंध्या आणल्यात, सुती, मऊ, आणि धोब्याच्या न जाणाऱ्या शाईनं एकेकावर नाव लिहून मनगटाला बांधायला लागलात. प्लॅस्टिकच्या पट्ट्या पुढे वर्षभरानं आल्या. पेशंट त्या काठाच्या पट्ट्या घरी घेऊन जायचे, देवाचा दोरा असावा तशा.

आणि 'हेच ना?' हा प्रश्न तुम्ही वॉर्डातून हद्दपार केलात. आपली माणसं डॉक्टरला नाही म्हणत नाहीत. बरं वाटतंय ना? व्हय. गोळी घेतली ना? व्हय. तुम्हीच अमुक ना? व्हय. म्हणून विचारायचं एकच, नाव काय. मराठीत, कानडीत, तेलुगूत आणि दखनीत तुम्ही तो प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावलात. तेलुगूतलं 'मी पेरू', म्हणजे 'तुमचं नाव', वाचून शिकाऊ मुली फिदीफिदी हसायच्या आणि तुम्ही आपल्या आईच्या भाषेला हसल्याबद्दल त्यांना एकेक कॉट जास्त पुसायला लावायचात.

तरी एक अडचण होतीच आणि ती फक्त तुम्हाला दिसली होती. नवरा बेशुद्ध किंवा झोपेत, शेजारी फक्त बायको, आणि ती त्याचं नाव घेणार नाही. जन्मात घेतलेलं नाही. परिषदेत याला कुणीतरी 'सांस्कृतिक अडथळा' म्हणालं, मी ते तुम्हाला येऊन सांगितलं. तुम्ही म्हणालात, "तिचा कसला अडथळा? ती तिथंच बसलीय. थांबायला वेळ नाही तो आपल्याला." मग तुम्ही त्या बायकांना म्हणायला लागलात, नाव नका घेऊ, उखाणा घ्या. पहिली कोण होती आठवतं? अक्कलकोटकडची ती दात पडलेली आजी. आधी पदरात तोंड लपवलं, मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "सलाईनच्या बाटलीला रबराची नळी, दगडूरावांचं नाव घेते, गोळी द्या वेळच्या वेळी!" दगडूराव तापातसुद्धा लाजले. ऑर्डर्लीपासून पेशंटपर्यंत सगळे हसत होते, आणि तुम्ही गंभीर चेहऱ्यानं केसपेपरवरचं नाव ताडून बघून 'बरोबर' अशी खूण केलीत.

मी तेव्हा तुम्हाला छेडलं होतं, अक्का, तुमच्या यजमानांचं नाव काय? तुम्ही म्हणालात, "रेशनकार्डावर आहे. वाचा." एवढी वर्षं तुम्ही जगाकडून नावं वदवून घेतलीत आणि घरच्या माणसाला 'आमचे हे' यापलीकडे गेला नाहीत. परवा तेराव्याच्या पत्रिकेवर मी ते नाव पहिल्यांदा वाचलं.

तर असं सगळं सुधारत होतं, आणि मी त्या सुधारण्याच्या आड उभी होते. तुम्ही विषय काढलात की माझं ठरलेलं उत्तर असायचं. अक्का, आपण पद्धत बदलली. आता तसं परत होणार नाही. माणसाला दोष द्यायचा नाही, पद्धत तपासायची, हे तर तुमच्याच वहीचं तत्त्व आहे. वहीत नाव नको हे कोण म्हणालं होतं?

तुम्ही म्हणालात, "मीच म्हणाले. वहीत नको. वही आपल्यासाठी आहे मॅडम, आपण शिकावं म्हणून. त्या माणसांसाठी काय आहे?"

मी आवाज चढवला. तुमच्यावर मी आवाज चढवलेली ती एकच वेळ. मी म्हणाले, सांगून काय होणार आहे? त्यांचा माणूस परत पहिल्यासारखा होणार आहे का? तुम्ही शांतपणे म्हणालात, "त्याला आता मेंढरं ओळखू येत नाहीत. आधी दीडशेतलं एक कमी असलं तर न मोजता कळायचं." मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? "कळलं," म्हणालात आणि औषधांच्या ट्रेकडे वळलात. मीही पुढे विचारलं नाही, कारण मला कळून घ्यायचं नव्हतं.

तुम्ही निवृत्त झालात तरी शनिवारी येत राहिलात. मग तीन महिन्यांचं ते आजारपण. आपल्याच वॉर्डात होतात, आणि पेशंट म्हणून तुम्ही भयंकर होतात. मुली सुई घेऊन आल्या की हात मागे घ्यायचात. "आधी विचार." त्या म्हणायच्या, अक्का, तुम्हाला कोण ओळखत नाही? "ओळख नको. विचार." मग त्या तुम्हाला तुमचंच नाव विचारायच्या, तुम्ही सांगायचात, पट्टी दाखवायचात, आणि मगच हात पुढे. शेवटच्या आठवड्यात आवाज उरला नव्हता, तेव्हा ओठ हलवायचात आणि ती पोरगी कान लावून ऐकायची.

मी रोज येऊन बसत होते. आवाज जाण्याआधीच्या मंगळवारी तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "त्या बाईकडं गेलात?"

मी म्हणाले, "जाईन की अक्का. आधी तुम्हाला बरं वाटू द्या."

"मला बरं वाटायचा आणि त्याचा काय संबंध?" एवढं म्हणून तुम्ही कूस बदललीत. नंतर आपण काहीबाही बोललो, पाण्याविषयी, तुमच्या नातीच्या परीक्षेविषयी. पण मला विचारलेलं शेवटचं तेच. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर मरताना तरी माझी समजूत घातली असती.

परवाच्या रविवारी मी गेले.

पत्ता जुन्या केसपेपरवर होता. मोहोळ ओलांडल्यावर डांबरी रस्ता सोडून बरंच आत. घराशेजारी मेंढरांचा वाडगा, पुढे पत्र्याची पडवी. बिराप्पा बाजेवर बसले होते, मांडीवर हात ठेवून, उन्हाकडे बघत. माझ्याकडे बघून हसले. ते सगळ्यांकडे तसंच हसतात, असं नंतर कळलं. कोंडाबाई लोकरीचा गुंता सोडवत होती. तिनं मान वर केली आणि मी नाव सांगायच्या आतच म्हणाली, "या की. लई उशीर केला."

मी गाडीत सगळं पाठ केलं होतं. काय झालं, कसं झालं, मग काय बदललं. मी बसले आणि सुरुवात केली, की त्या दिवशी यांना जी सुई दिली ती दुसऱ्या पेशंटची होती. तिनं मला मधेच थांबवलं.

"ते ठावं हाय. बाई येऊन सांगून गेल्या की. चार वर्सं झाली त्याला."

कोण बाई, असं मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं तरी विचारलं.

"तुमच्या अक्का. ह्यास्नी घरी आणलं, त्याच्या पुढच्याच आठवड्यात आल्या. हितंच बसल्या हुत्या, तुमी बसलाय तितं. म्हणाल्या, सुई दुसऱ्याची हुती, चूक आमच्या वार्डाची झाली. माजं पोरगं म्हणलं, कुणाची चूक, नाव सांगा. त्या म्हणाल्या, नाव मी सांगनार न्हाय. ज्याचं हाय त्येच येऊन सांगंल. येतील."

मी चार वर्षं तुमच्याशी ज्या गोष्टीसाठी भांडले ती तुम्ही आठ दिवसांत करून मोकळ्या झाला होतात. दर वर्षी येत होतात म्हणे, बिराप्पांच्या गोळ्या घेऊन. मला एका शब्दानं बोलला नाहीत. मला तुमचा इतका राग आला, अक्का, की मी त्या पडवीत बसून तुम्हाला मनातल्या मनात वाटेल ते बोलले. मला सांगितलं असतंत तर मी दुसऱ्याच दिवशी गेले असते. गेले असते का? नसते गेले. अक्कांनी सांगितलंय की, आता मी कशाला, असं म्हणून सुटले असते. तुम्ही मला बरोबर ओळखलं होतंत.

पण तुम्ही अर्धंच सांगितलंत, आणि त्या अर्ध्याचं काय झालं ते ऐका. तुम्हाला ते ठाऊक होतं, आता माझी खात्री आहे.

कोंडाबाई लोकर बाजूला ठेवून म्हणाली, "पोरानं मग मला धरलं. म्हणलं, आई, तू तितंच हुतीस की. डाक्टरनं दुसऱ्याचं नाव घेतलं तर तू न्हाय का म्हणली न्हाईस? मी काय सांगू? न्हाय म्हणलं असतं तर तुमी पुसलं असतं, मग ह्यांचं नाव काय. ते मला घेता येत न्हाय. म्हणून मान खाली घातली. वाटलं, शिकलेली बाई हाय, तिला कळंल."

मी मान खाली घातली.

"चार वर्सं पोरगं तेच म्हणतंय. तुज्यामुळं आबाचं असं झालं. सून बी म्हणती. बाईंनी लई समजावलं त्यास्नी, तिची चूक न्हाय म्हणून. पोरगं म्हणलं, तुमी तितं हुता का? त्या म्हणाल्या, न्हवते. मग गप बसल्या." तिनं बिराप्पांच्या अंगावरचं पांघरूण उगाचच सारखं केलं. "त्या न्हवत्या. तुमी हुता. आता तुमी सांगा. ती चूक माजी हुती का?"

म्हणजे चार वर्षं तुम्ही माझ्या मागे लागला होतात ते माझ्या सचोटीसाठी नव्हतंच. मी उगाच स्वतःला एवढं महत्त्व देत होते. माझं पान मी लिहिलं नाही, आणि जिला कधी लिहितासुद्धा आलं नाही तिच्या नावावर ते चढलं. हे तुम्ही बघून आलात आणि तुमच्या हातात काही उरलं नाही, कारण त्या कॉटशी तुम्ही नव्हतात.

मी म्हणाले, "नाही. तुमची नाही. मी चुकीचं विचारलं. ती सिस्टर परत विचारते म्हणत होती, तिलाही मी विचारू दिलं नाही. चूक माझी होती. सांगायला आले नाही, ती दुसरी. तीही माझी."

पाठ केलेलं सगळं तिथेच संपलं.  ती रडली नाही, चिडलीही नाही. तिनं घराच्या दाराकडे बघितलं. आत भांड्यांचा आवाज येत होता, सून स्वयंपाक करत होती, आणि मुलगा वाडग्यात मेंढरं घालत होता.

"असं न्हवं," कोंडाबाई म्हणाली. "उबं ऱ्हावा. मोठ्यानं सांगा. त्या दोघास्नी ऐकू गेलं पायजे."

मी उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं.